स्वयंअध्ययनाने पदवी परीक्षेची तयारी कशी करावी?

प्रश्न: मी नोकरी सांभाळून गणिताची पदवी बहिःस्थ पद्धतीने करत आहे. सर्व गुण वर्षअखेरच्या लेखी परीक्षेचेच आहेत. प्रकरण वाचताना सगळे समजते, पण आठवड्याने कोऱ्या कागदावर सिद्धता मांडायला घेतली की दुसऱ्या ओळीशीच अडते. नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर: वाचून समजणे आणि आठवून लिहिणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर स्वतः आठवून लिहिण्याचा सराव केलेलेच पुढे होते. म्हणून पुस्तक मिटून लिहा, जिथे अडते त्या ओळीवर खूण करा आणि तीच सिद्धता दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा मांडा.

दुसरे उत्तर: जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवू नका. मी ती चूक केली आणि माझे एक वर्ष गेले.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आज खूण केल्यावर दिसले की अडचण सिद्धतेत नसून फलाच्या सीमेच्या (limit) व्याख्येत आहे. आधी एप्सिलॉन (फलाची किंमत सीमेपासून किती दूर चालेल ते अंतर) दिलेला असतो आणि मग डेल्टा (त्यासाठी चल किती जवळ हवे ते अंतर) शोधायचा असतो, हा क्रमच माझ्या मनात उलटा बसला होता.