२०२४ मधलं गे आयुष्य आणि पॉप कल्चर, तुमच्या लक्षात काय राहिलं?

रात्रपाळी: वर्ष संपत आलंय म्हणून विचारतोय, कायदा, गाणी, गॉसिप काहीही चालेल, टाका इथे.

बिनधास्त_बाई: नेमोच! युरोव्हिजन, म्हणजे युरोपातली ती मोठी गाण्याची स्पर्धा, जिंकणारी पहिली उघडपणे नॉनबायनरी (स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणारी) व्यक्ती, गुलाबी स्कर्ट घालून त्या तिरक्या फिरत्या तबकडीवर तोल सांभाळत रॅप करतेय आणि मधेच ऑपेराचा सूर लावतेय, मी तर आ वासून बघत बसले. वर जिंकल्यावर स्टेजवरच ट्रॉफी फोडली, तो किस्सा वेगळाच 😂

कोपरखळी: गाणी ठीक आहेत हो, पण ग्रीसला विसरलात? फेब्रुवारीत समलिंगी लग्नाला मान्यता दिली, तीही चर्चचा कडाडून विरोध असताना. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बहुसंख्य देशांत पहिलाच. थायलंडच्या कायद्यावरही राजाची सही झाली, लग्नं मात्र २२ जानेवारी २०२५ पासून. माझ्या मते हे जास्त महत्त्वाचं, ट्रॉफ्या काय दरवर्षी मिळतात.

रात्रपाळी: मान्य. पण ती अमेरिकन गायिका चॅपल रोन राहिलीच की! वर्षाच्या सुरुवातीला दुसऱ्यांच्या शोआधी गात होती आणि ऑगस्टमध्ये लोलापलूझा संगीत महोत्सवात तिच्यासाठी हीऽऽ गर्दी, तेही लेस्बियन असल्याचं काही न लपवता.

बिनधास्त_बाई: आणि तो मेकअप! सरळ ड्रॅगमधून (भडक मेकअप-पोशाखात स्टेजवर स्त्री किंवा पुरुष साकारायची कला) उचललाय, ती स्वतःच सांगते.