मदत हवी आहे : अमेरिकेवरील प्रश्नमंजूषेत वादाला जागा न ठेवणारे प्रश्न कसे लिहावेत?

नमस्कार. न्यू जर्सीतील आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीत अमेरिकेचा इतिहास, भूगोल, कला आणि खेळ यांवर प्रश्नमंजूषा असते आणि सलग दुसऱ्या वर्षी तिचे प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गेल्या वर्षीचे प्रश्न अवघड नव्हते, परंतु काहींची दोन-दोन उत्तरे निघाली आणि जेवण थंड होईपर्यंत वाद चालला.

‘अमेरिकेचे सर्वांत पूर्वेकडील राज्य कोणते?’ याचे उत्तर मी ‘मेन’ असे लिहून ठेवले होते. सातवीतल्या एका मुलीने ‘अलास्का’ असे सांगितले आणि मी नकार देताच फोनवर नकाशा उघडून, अल्यूशियन बेटांची माळ १८० अंश रेखावृत्त ओलांडून पूर्व गोलार्धात कशी शिरते, हे बोट फिरवून दाखवले. तिला गुण द्यावा लागला. मग मेन म्हणणाऱ्या गटानेही तो मागितला आणि त्यांचेही चुकले नव्हते. पहिल्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामन्याच्या प्रश्नावर तर सत्तरीच्या एका काकांनी ‘१८७७, मेलबर्न’ असे ठणकावून सांगितले. तो पहिला कसोटी सामना होता. अमेरिका आणि कॅनडा त्याआधी १८४४ मध्येच न्यूयॉर्कला खेळले होते आणि कॅनडाने २३ धावांनी विजय मिळवला होता, हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट झाली.

या वर्षी तीन प्रश्नांवर अडले आहे. मिसुरी आणि मिसिसिपी या दोन्ही नद्यांची लांबी साधारण २,३४० मैल दिली जाते, तेव्हा ‘सर्वांत लांब नदी’ विचारावी की नाही? स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी संमत झाला, जाहीरनामा ४ जुलैला स्वीकारला गेला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. यांतील कोणती तारीख धरावी? शिवाय चित्रकलेवर एखादा असा प्रश्न हवा आहे, की ज्याचे उत्तर चित्राकडे पाहूनच शोधता येईल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नदीचा प्रश्न नागरिकत्वाच्या परीक्षेने फार पूर्वीच सोडवला आहे. तिच्या २००८ च्या प्रश्नावलीत ‘देशातील सर्वांत लांब दोन नद्यांपैकी एकीचे नाव सांगा’ असा प्रश्न होता आणि दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली जात. आपल्या मंडळातील निम्म्या लोकांनी ती परीक्षा दिलेली असेल, त्यामुळे तक्रारीला वाव नाही. तारखेबाबत ‘स्वातंत्र्य कधी मिळाले’ असे मोघम न विचारता ‘जाहीरनामा काँग्रेसने कोणत्या तारखेला स्वीकारला’ असे विचारावे. पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेल्या खुद्द जॉन ॲडम्स यांनी पुढील पिढ्या २ जुलैचा दिवस साजरा करतील असे पत्नीला लिहिले होते, हा किस्सा उत्तरानंतर जरूर सांगावा.

प्रतिसाद २

चित्रासाठी इमॅन्युएल लॉइट्झे यांचे, डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचे चित्र घ्यावे. ते १८५१ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फला पूर्ण झाले आणि आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नावेतील ध्वजाकडे बोट दाखवून ‘यात काय चुकले आहे?’ असे विचारावे. नदी ओलांडली ती २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री, आणि ताऱ्यांचा हा ध्वज स्वीकारला गेला १४ जून १७७७ रोजी. सैन्य उतरले तो काठ न्यू जर्सीचाच असल्यामुळे मंडळींना रस वाटेल.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. चित्राची मोठी प्रत छापून घेते, कारण फोनच्या पडद्यावर ध्वजावरील तारे दिसत नाहीत. क्रिकेटचा प्रश्नही ठेवते, मात्र या वेळी ‘कसोटी नव्हे’ हे शब्द प्रश्नातच असतील.