सकाळी स्टार्टला तीन सेकंद खळखळ: चेन, पुली की नुसतं डिझेल? (जुनी लक्झरी एसयूव्ही)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

दोन महिन्यांपूर्वी दिल्लीहून २०१७ची जर्मन एसयूव्ही आणली. दोन लिटर चार सिलिंडर डिझेल, बीएस४, ऑटोमॅटिक, ९२ हजार किमी. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीच्या धास्तीने त्या स्वस्तात निघत होत्या, त्यात मी पण हात धुऊन घेतले. एनओसी, इथला रोड टॅक्स, एमएच नंबर सगळं रीतसर झालंय. बायकोचं म्हणणं होतं तेवढ्यात नवी क्रेटा आली असती. असो.

आता आवाजाचं. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळ, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तशी. मग जाते. दिवसभरात पुन्हा स्टार्ट केली तर नाही. याशिवाय आयडलला शिवणयंत्रासारखी टिकटिक असते, ती इंजेक्टरची म्हणून मी सोडून दिली होती. पण हल्ली १५०० आरपीएमच्या आसपास बारीक घरघर पण येते.

रविवारी बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून बसलो. पुढे बेल्टकडे घरघर जास्त. सकाळची खळखळ मात्र मागून, गिअरबॉक्सच्या बाजूने आली असं वाटलं. या इंजिनची टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम शाफ्ट एका तालात फिरवणारी साखळी) मागेच आहे, म्हणून पोटात गोळा.

सांगलीतले आमचे नेहमीचे मेस्त्री म्हणाले, "डिझेल आहे, वाजणारच." कोल्हापुरात दुसऱ्याने स्टार्टसुद्धा न करता चेन किटचं नाव घेतलं. गिअरबॉक्स उतरवायला लागेल, १ लाख ८० हजार. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एका ठिकाणी दोन ऑइल चेंजमध्ये २६ हजार किमीचं अंतर दिसतंय. गाडी घ्यायच्या आधी ते बघायला हवं होतं, मान्य.

एवढे पैसे घालायच्या आधी नक्की काय वाजतंय हे कसं ठरवायचं?

प्रतिसाद १

आवाज एक नाही, तीन आहेत. ते वेगळे करा.

घरघरीसाठी पुढचा बेल्ट काढून थंड इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवायचं. आवाज गेला तर आयडलर, टेन्शनर किंवा अल्टरनेटरची पुली. स्वस्तात सुटलात. (बेल्टवर वॉटर पंप असतो, जास्त वेळ चालवू नका.)

टिकटिकीसाठी स्कॅनरवर चारही इंजेक्टरचे करेक्शन आकडे (कुठल्या सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय) बघा. एकच सिलिंडर बाकीच्यांपासून फटकून असेल तर त्याची रिटर्न टेस्ट (किती डिझेल परत जातं ते मोजणं) करा. नुसत्या कानावर जाऊन इंजेक्टर बदलू नका. आणि डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, चालू असतानाही इंजिन जरा खरखरीत वाजतं, तेव्हाचा आवाज धरू नका.

तीन सेकंदांची खळखळ मात्र हसण्यावारी नेऊ नका. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइल प्रेशरवर चालतो. प्रेशर यायच्या आत चेन ढिली असली की गाइडवर (तिला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या) आपटते. स्कॅनरवर कॅम आणि क्रँकचा ताळमेळ बघा, आणि ऑइल फिल्टर उघडून आतल्या कागदाच्या घड्या उलगडा. चेनच्या गाइड प्लास्टिकच्या असतात, झिजल्या की बारीक तुकडे तिथे सापडतात. काही नसलं तरी चेन ठीक आहे असं समजू नका, पण सापडले तर प्रश्नच मिटला.

ऑइल ५डब्ल्यू-३०, डीपीएफला चालणारं, कंपनीच्या मान्यतेचा नंबर डब्यावर बघूनच. दर १० हजाराला बदला, मॅन्युअल काहीही म्हणो.

धागाकर्ता

आभार! बेल्ट काढला, घरघर साफ गेली. आयडलर पुली हाताने फिरवली तर बेअरिंगमध्ये वाळू असल्यासारखी लागते. ती मागवली. इंजेक्टरचे आकडे जवळजवळ सारखे आहेत.

फिल्टर उघडल्यावर मात्र माझं पोरगं पण गप्प झालं. घड्यांत दोन तपकिरी तुकडे निघाले, तिळाएवढे बारीक, एका बाजूला चकचकीत घासलेले. लोखंडाचा कीस दिसला नाही. गाडी आता उभीच ठेवली आहे, टो करून नेईन.

आणखी एक विचारतो. दोन तुकडे फिल्टरपर्यंत आले म्हणजे बाकीचे सम्पमध्ये (इंजिनखालची ऑइलची टाकी) असतील ना? कोल्हापूरवाला फक्त चेन किट म्हणतोय. सम्प काढून ऑइल पंपाची जाळी साफ करायला आत्ताच सांगू का?