प्रति: पैठणीचा रंग घरात फिका का दिसतो?

येवल्याहून आणलेली राणी रंगाची पैठणी नाशिकला घरी आल्यावर फिकी वाटली, असं ताईंनी विचारलंय, आणि उत्तर देणाऱ्या सगळ्यांनी त्याचं खापर दुकानातल्या दिव्यांवर फोडलंय. दिव्याचा प्रकार महत्त्वाचा आहेच, पण उजेड किती आहे याकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. रंगदृष्टीचे अभ्यासक आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ साली दाखवलं होतं की उजेड वाढला की तोच रंग डोळ्यांना जास्त भरलेला वाटतो. भर दुपारी गोदाघाटावर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, आपल्या दिवाणखान्यात रात्री जेमतेम शे-दोनशे. म्हणजे किमान पाचशे पटींचा फरक! डोळा जुळवून घेतो, पण पुरता नाही. उन्हातला फोटो मोबाइलवर मिळमिळीत वाटतो त्यामागे हेही एक कारण आहे (दर वेळी कॅमेऱ्याला शिव्या नकोत).

तिन्हीसांजेची गोष्ट आणखी वेगळी. तेव्हा लाल आधी काळवंडतो, निळा-हिरवा टिकतो. चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ पुर्किंये यांनी हे १८२५ मध्येच लिहून ठेवलंय. अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी मागे पडतात आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही.

तेव्हा ताई, साडी परत करण्याआधी एकदा दिवसा गॅलरीत नेऊन बघा. तिथेही फिकी वाटली तर मग खुशाल भांडा.