शब्दचर्चा : ‘रोस्टर’ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

‘मंडे नाइट रॉ’ या अमेरिकी दूरचित्रवाणीवरील कुस्तीच्या साप्ताहिक कार्यक्रमाचा इतिहास सांगणारे एक टिपण मी मराठीत लिहीत आहे आणि पहिल्याच परिच्छेदात ‘रोस्टर’ या शब्दाशी अडलो आहे. कंपनीशी करार झालेल्या ज्या मल्लांपैकी काही दर सोमवारी आखाड्यात उतरतात, त्या सर्वांना मिळून हा शब्द वापरला जातो. ‘संघ’ किंवा ‘चमू’ म्हटले, तर ही सगळी माणसे एकाच बाजूने लढतात असे वाटते, आणि इथे तर ती एकमेकांशीच लढतात. ‘यादी’ आणि ‘नामावली’ हे शब्द कागदापुरतेच राहतात. या अर्थाचा एखादा चालता मराठी शब्द आहे का? ‘जॉबर’, ‘हील’ आणि ‘केफेब’ या शब्दांविषयीही जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १

‘रोस्टर’ मुळात डच भाषेतला. तिथे त्याचा पहिला अर्थ मांस भाजण्याची लोखंडी जाळी असा आहे. जाळीसारख्या उभ्या-आडव्या रेघा आखलेल्या तक्त्यालाही तोच शब्द लागला आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो लष्करातल्या पहाऱ्याच्या पाळ्यांचा तक्ता म्हणून इंग्रजीत शिरला. ज्या कार्यक्रमाच्या नावाचा अर्थच ‘कच्चा’ असा आहे, त्याच्या मल्लांची मोजदाद भाजण्याच्या जाळीवर व्हावी, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

मराठीत या शब्दाची एक सोय शासनाने आधीच लावलेली आहे. आरक्षणाच्या रोस्टरला आपण ‘बिंदुनामावली’ म्हणतो आणि रुग्णालयातल्या किंवा कारखान्यातल्या रोस्टरला ‘पाळीपत्रक’. दोन्ही शब्द आपापल्या जागी चोख आहेत, पण ‘रॉच्या बिंदुनामावलीत अंडरटेकर हा मल्ल होता’ असे लिहिले, तर तो कोणत्या प्रवर्गातून भरला गेला, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल.

मी ‘पट’ हा शब्द सुचवतो. शाळेच्या पटावर विद्यार्थी असतात, तसे कार्यक्रमाच्या पटावर मल्ल असतात. रोज सगळे हजर नसले तरी पट कायम राहतो. शिवाय ‘पट काढणे’ हा कुस्तीतला सर्वपरिचित डाव आहे, त्यामुळे शब्दाला मातीचा वासही आहे.

प्रतिसाद २

पटाचा वास मातीचा असला तरी तीच त्याची अडचण आहे. कुस्तीविषयीच्या लेखात ‘पटावर आला’ आणि ‘पटाला आला’ अशी वाक्ये जवळजवळ पडली, की वाचक पायात हात घातलेला मल्ल डोळ्यांसमोर आणणार.

मला ‘फड’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो आणि तमाशाचाही फड असतो. पहिल्यात फड म्हणजे प्रसंग : मैदान, हलगी, जोडी आणि इनाम. दुसऱ्यात फड म्हणजे कायमची मंडळी : सरदार, सोंगाड्या, ढोलक्या, नाचणाऱ्या स्त्रिया आणि त्या सर्वांना पगार व उचल देणारा फडमालक. ‘रॉ’ हा दोन्ही अर्थांनी फड आहे, कारण तो दर सोमवारी भरतो आणि त्यातली मंडळी मालकाशी बांधलेली असतात. ‘संघ’ शब्दाची अडचणही इथे उरत नाही. वगात राजा आणि त्याला फसवणारा प्रधान रंगमंचावर एकमेकांचे वैरी असले, तरी एकाच गाडीतून पुढच्या गावाला जातात आणि फड गाजला तर दोघांचाही गाजतो.

एक खुलासा आधीच करून ठेवतो. ‘फडणवीस’ हा शब्द फारसी ‘फर्दनवीस’पासून आला असे सामान्यतः मानले जाते आणि ‘फर्द’ म्हणजे यादी. पण त्या आधारावर ‘फड म्हणजेच यादी’ असे कोणी सिद्ध करू नये. तो फड वेगळा आणि हा वेगळा.

प्रश्नकर्ता

फडाची कल्पना आवडली. पण निकाली कुस्त्यांच्या जंगी मैदानासाठी वापरला जाणारा शब्द, जिथे निकाल आधीच ठरलेला असतो अशा कार्यक्रमाला लावणे योग्य होईल का? आपण ज्याला नुरा कुस्ती म्हणतो, ती हीच नव्हे काय?

प्रतिसाद २

नाही. नुरा कुस्तीत फसवणूक असते. दोन पैलवान आतून संगनमत करतात आणि तिकीट काढून आलेला माणूस खरी लढत म्हणून ती पाहतो. म्हणून आपली वर्तमानपत्रे हा शब्द राजकारणासाठी इतक्या आवडीने वापरतात. ‘लुटुपुटूची लढाई’ या शब्दप्रयोगात फसवणूक नाही, पण त्यात पोरखेळाची छटा आहे आणि पंधरा फुटांच्या शिडीवरून खाली पडणाऱ्या माणसाला ती लावणे अन्यायाचे आहे.

‘रॉ’ सुरू झाला ११ जानेवारी १९९३ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधून, यूएसए नेटवर्क या वाहिनीवर. त्याच्या चार वर्षे आधी, १९८९मध्ये, ‘रॉ’च्या कंपनीने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई, तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपल्या लढती म्हणजे स्पर्धा नसून करमणूक आहे असे मान्य केले होते, कारण तसे मान्य केल्याने क्रीडा आयोगाच्या नियंत्रणातून आणि करातून सुटका होत होती. म्हणजे ‘रॉ’चा जन्मच कबुलीनंतरचा आहे. प्रेक्षकाला सोंग माहीत असते आणि ते बेमालूम वठले की तो दाद देतो.

‘केफेब’ हा शब्द याच सोंगाविषयीचा आहे. त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही, पण जत्रांतून खेळ करत फिरणाऱ्या अमेरिकी मल्लांच्या सांकेतिक बोलीतून तो आला असे मानतात. त्याचा अर्थ केवळ ‘सोंग’ एवढाच नाही. आखाड्याबाहेर, हॉटेलात, प्रवासातही सोंग न उतरवणे, म्हणजे खलनायकाने नायकासोबत जेवायलासुद्धा न बसणे, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून ‘केफेब पाळणे’ यासाठी ‘सोंग न उतरवणे’ असे क्रियापदच वापरावे. एकच नाम शोधण्याचा हट्ट नसावा.

प्रतिसाद ३

‘जॉबर’विषयी एक सावधगिरी सुचवतो. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला हा शब्द वेगळ्याच अर्थाने ठाऊक आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर म्हणजे कामगार भरती करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम, म्हणजे दबदब्याचा माणूस. अमेरिकी आखाड्यातला जॉबर नेमका उलट. मोठ्या मल्लाकडून हरणे हेच त्याचे नेमून दिलेले काम. आमच्या घरी ‘जॉबर हरला’ हे वाक्य कोणाला खरेच वाटले नसते.

‘हरकाम्या’वरून ‘हारकाम्या’ असा शब्द बनवण्याचा मोह मला झाला, पण गंभीर लेखात तो टिकणार नाही. ‘हरण्यासाठी नेमलेला मल्ल’ असे सरळ लिहावे, कारण त्या नेमणुकीतच गोष्ट दडलेली आहे. १७ मे १९९३च्या ‘रॉ’मध्ये अशाच एका किरकोळ अंगाच्या, हरण्यासाठीच आणल्यासारख्या दिसणाऱ्या पोराने रेझर रॅमोन या नावाजलेल्या मल्लाला चीत केले. प्रेक्षक थक्क झाले आणि तो पुढे ‘वन-टू-थ्री किड’ म्हणून फडात कायमचा सामील झाला. हरणाऱ्याची नेमणूक प्रेक्षकाला मनातून ठाऊक असल्याशिवाय या धक्क्याला काही अर्थ नव्हता.

प्रतिसाद १

‘फड’ शब्दाला मी माझी संमती देतो, कारण कार्यक्रमाच्या पुढच्या इतिहासातही तो चांगला बसतो. सप्टेंबर १९९५मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने सोमवारीच, त्याच वेळेला ‘नायट्रो’ सुरू केला, म्हणजे एकाच जत्रेत समोरासमोर दोन फड लागले. स्कॉट हॉल, म्हणजे वर आलेला रेझर रॅमोन, आणि केव्हिन नॅश ही ‘रॉ’ची मंडळी १९९६मध्ये पलीकडच्या कनातीत गेली आणि सलग ८३ आठवडे ‘नायट्रो’ची प्रेक्षकसंख्या अधिक राहिली.

‘रॉ’ या नावाविषयी प्रश्नकर्त्याने विचारलेले नाही, तरी थोडे लिहितो. ‘न शिजवलेला, न कापलेला’ अशी जाहिरात करणाऱ्या या कार्यक्रमाचे अनेक भाग आधी चित्रित करून ठेवलेले असत. ४ जानेवारी १९९९ रोजी ‘नायट्रो’च्या निवेदकाने याच गोष्टीचा फायदा घेऊन, आज ‘रॉ’वर मिक फोली हा मल्ल अजिंक्यपद जिंकणार आहे, असे उपहासाने आधीच सांगून टाकले. परिणाम असा झाला की लाखो प्रेक्षकांनी ते पाहण्यासाठी वाहिनी बदलली. निकाल कळल्यावर कुस्ती पाहायला माणसे धावतात, हे निकाली कुस्तीत कधी घडणार नाही, पण वगात रोज घडते. मार्च २००१मध्ये ‘नायट्रो’चा फड मोडला आणि ‘रॉ’च्या कंपनीने तो विकत घेतला.

त्यानंतर मल्ल इतके झाले की एका फडात मावेनात, म्हणून मार्च २००२मध्ये ‘रॉ’ आणि त्याच कंपनीचा दुसरा कार्यक्रम ‘स्मॅकडाउन’ अशी त्यांची विभागणी झाली. कथानकात कंपनीचे दोन सहमालक होते : रिक फ्लेअरने ‘रॉ’साठी पहिला अंडरटेकर उचलला, विन्स मॅकमहनने ‘स्मॅकडाउन’साठी द रॉक. या ‘ड्राफ्ट’ला ‘निवड’ म्हणू नये. मालकीच्या भांडणातून घरातली भांडी वाटून घ्यावीत तसा तो प्रकार होता आणि त्याला ‘वाटणी’ हाच शब्द शोभतो. ही वाटणी २०११मध्ये मोडली आणि २०१६मध्ये पुन्हा झाली. म्हणून ‘रॉचा फड’ म्हणताना साल सांगणे आवश्यक आहे. दलीप सिंग राणा ऊर्फ द ग्रेट खली २००६मध्ये प्रथम दिसला तो ‘स्मॅकडाउन’च्या फडात, ‘रॉ’च्या नव्हे. ही चूक मी मराठी लेखांत वारंवार वाचली आहे.

प्रतिसाद ३

एक शब्द राहिला : ‘फ्रीस्टाइल’. मुंबईत दारा सिंग आणि किंग काँग यांच्या लढती पाहिलेल्या पिढीसाठी फ्रीस्टाइल म्हणजे हीच दणकेबाज कुस्ती. त्यावरूनच वर्तमानपत्रांत आजही सभागृहात ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ होते. पण खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले तेही फ्रीस्टाइलमध्येच, आणि तिचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही. तेव्हा टिपणात ‘रॉ’च्या कुस्तीला चुकूनही फ्रीस्टाइल म्हणू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ‘फड’, ‘वाटणी’ आणि ‘सोंग न उतरवणे’ हे तिन्ही घेत आहे. ‘हील’साठी ‘खलमल्ल’ असा शब्द मी स्वतः जुळवला होता, पण उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून साधा ‘खलनायक’च ठेवतो. पहिले वाक्य आता असे झाले आहे : ‘११ जानेवारी १९९३ रोजी “रॉ”चा फड प्रथम भरला, तेव्हा शेवटच्या कुस्तीत अंडरटेकरने डेमियन डेमेंटो याला चीत केले.’ इथे ‘कुस्ती’ शब्द चालेल की ‘लढत’ लिहावे, एवढे सांगावे.

प्रतिसाद २

‘कुस्ती’च लिहावे. फड म्हटल्यावर त्यात कुस्तीच होते.