खाडीतला मासा ‘मर्यादेत’ आहे, पण कोणाच्या मर्यादेत?

गाळातला_पाय:
खाडीतल्या माशांत जड धातू (पारा, कॅडमियम वगैरे) सापडले अशी बातमी आली की खाली एक वाक्य ठरलेलं असतं, ‘प्रमाण मर्यादेत आहे, घाबरू नका’. मला हे वाक्य अर्धवट वाटतं. मर्यादा असते ती एक किलो माशात किती धातू याची, खाणारा आठवड्याला किती मासे खातो हे त्यात कुठे येतच नाही.

हिशोब करून बघा. मिथाइल पारा म्हणजे माशात साठणारं पाऱ्याचं विषारी रूप, तो किती पोटात गेला तर चालेल याचा आकडा एफएओ (जागतिक अन्न व शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये दिला, शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६ मायक्रोग्रॅम. आता बऱ्याच देशांत माशातल्या पाऱ्याची मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे आणि मांसातला पारा बहुतेक मिथाइल रूपातलाच असतो, तर अगदी मर्यादेवर टेकलेला मासा हा माणूस आठवड्याला फक्त १९२ ग्रॅम खाऊ शकतो. १५ किलोचं पोर असेल तर ४८ ग्रॅम, दोन-तीन घास! आणि काठावरची घरं रोज खातात. त्यांच्यासाठी कुठाय मर्यादा?

भरती_ओहोटी:
हिशोब बरोबर आहे पण उदाहरण तुम्ही सगळ्यात वाईट निवडलंत. पारा साठतो तो मोठ्या, बरीच वर्षं जगणाऱ्या, दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशात. खाडीत मिळतात त्यातले कितीतरी मासे छोटे, वर्षा-दोन वर्षांचे. किलोला ०.०५ मिलिग्रॅम धरा, मग तोच माणूस आठवड्याला १९२० ग्रॅम खाऊ शकतो, हे पण लिहा ना.

हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर माशातल्या पाऱ्यासाठी आया आणि मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, तिथल्या बायका आठवड्याला साधारण बारा वेळा मासे खायच्या, तरी मुलांच्या वाढीवर ठळक वाईट परिणाम दिसला नाही. अशा पोस्ट वाचून लोक मासे सोडतात, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ जातं ते जातंच, वर मच्छीमाराचं पोट मारलं जातं. त्याने तर पाण्यात काही सोडलेलं नसतं.

काळा_चिखल:
सेशेल्सचा मासा खुल्या समुद्रातला हो! खाडीचं गणितच वेगळं आहे. नदीचं गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात आणि वरून आलेले धातू त्याच कणांना धरून असतात, म्हणजे अख्ख्या नदीची घाण खाडीच्या तळाशी जमा. ओहोटीला त्या चिखलात पाय घातला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तिथे प्राणवायू नसतो, आणि तो वास सोडणारे जे जीवाणू असतात त्यांच्यातलेच काही साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात.

जपानमधल्या मिनामाताला कारखान्यातला पारा माशांत गेला, तिथे आधी मांजरं झटके येऊन मेली, १९५६ मध्ये माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी कारखान्याचं सांडपाणी १९६८ पर्यंत चालूच होतं. बारा वर्षं! तेव्हाही कोणीतरी ‘घाबरू नका’च म्हणत असणार.

नमुना_तपासनीस:
मी प्रयोगशाळेत हेच काम करते म्हणून दोन्ही बाजूंना सांगते. मासा आला की आम्ही पाठीकडचं मांस कापून घेतो, बारीक करतो, आम्लात विरघळवतो आणि मशीनला लावतो. काळीज, कल्ले, आतडी बाजूला राहतात. कॅडमियम बसतं ते मुख्यतः तिथेच, त्यामुळे मांसाचा रिपोर्ट चांगला येतो आणि तो खोटाही नसतो. पण शिंपल्या आणि कालवं लोक पोटासकट खातात, खेकड्याच्या पाठीखालचा तो मऊ तपकिरी भागही चाटूनपुसून. खरी काळजी तिथे करा.

आणि बातमीतला मोठा आकडा बघून लगेच घाबरू नका. काही रिपोर्ट सुकवलेल्या मांसावर असतात आणि मर्यादा असते ओल्यावर. माशात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे तोच मासा सुकवून मोजला की आकडा चार-पाच पट दिसतो. आर्सेनिकचंही तसंच, समुद्री जीवांत ते बहुतेक कमी विषारी सेंद्रिय रूपात असतं, तेव्हा एकूण आकड्यावरून काहीच कळत नाही.

सातवा_महिना:
मग मी मासे खाऊ की नको? नीट धुवून शिजवलं तर चालेल का?

नमुना_तपासनीस:
ताई, खा. छोटे मासे, आलटून पालटून. मोठे शिकारी मासे आता नकोत, आणि खेकड्याचा तो तपकिरी भाग काढून टाका. धुण्याने किंवा शिजवण्याने पारा जात नाही, तो मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेला असतो. शरीरातून मात्र हळूहळू जातो, दोनेक महिन्यांत निम्मा. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं बसून राहतं, म्हणून शिंपल्यांचं जास्त सांगते.

भरती_ओहोटी:
बघा, शेवटी ‘खा’च म्हणाल्या ना. मी वेगळं काय म्हणत होतो?

गाळातला_पाय:
दादा, छोट्या माशांचं तुमचं मान्य, मी ते लिहायला हवं होतं. पण ताईंना हे उत्तर मिळालं कारण इथे योगायोगाने एक तपासणारी व्यक्ती होती. बातमीत हे का नसतं? कोणता मासा, कोणता भाग, ओलं वजन की सुकं, आणि किती वजनाच्या माणसाने आठवड्याला किती खावं, एवढं मच्छीमारांच्या धक्क्यावर फळा लावून लिहा. माझं भांडण मच्छीमाराशी नाहीच, त्याच्या घरातली पोरं तर सगळ्यात जास्त खातात.

काळा_चिखल:
फळ्यावर शिंपल्यांची वेगळी ओळ पाहिजे. आणि खाडीतला गाळ उपसतील तेव्हा नमुने पुन्हा घ्या, खाली बसलेलं सगळं तेव्हा परत वर येतं.