कॉलेजातलं फुकटचं सॉफ्टवेअर : धर्माची गाय की उधारीची?

उद्यमबागवाला

गेल्या आठवड्यात शॉपमध्ये एक पोरगा आला. मेकॅनिकलचा, यंदाच सुटलेला. आमचं शॉप लहान, सहा माणसं, पंपाच्या केसिंगचं मशिनिंग. "स्वतः केलेलं काही आणलंयस काय?" म्हटल्यावर त्यानं पेन ड्राइव्ह पुढं केला. फाइल उघडेना. आमच्याकडे पैसे मोजून घेतलेलं जुनं टू-डी कॅड (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) आहे, त्याची फाइल थ्री-डीची, तीही विद्यार्थी आवृत्तीतली. मग म्हणाला, "थांबा, कॉलेजच्या मेलवर सगळं आहे." मेल बंद! निकाल लागला तसं खातंही गेलं. शेवटी मोबाइलमध्ये एक स्क्रीनशॉट सापडला आणि आम्ही दोघं तो बोटांनी मोठा करून करून बघत बसलो. भिंतीची जाडी किती ते काही दिसलं नाही.

कंपनी कॉलेजला सॉफ्टवेअर फुकट देते तेव्हा शाल-श्रीफळ होतं, फोटो होतो, सामंजस्य करार म्हणून फलक लागतो. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणू नये हे मलाही कळतं. खरं ही गाय धर्माची नाहीच. दूध कॉलेजात आणि वैरणीचं बिल माझ्या दारात. पोरगा बाहेर पडला की फुकट संपलं. त्याला येतं ते एकच सॉफ्टवेअर आणि त्याचं धंद्याचं लायसन्स आता विकतही मिळत नाही, दरवर्षी भाडं भरायचं. मी भरलं नाही तर पोरगा माझ्या उपयोगाचा नाही. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवरच्या विद्यार्थी आवृत्तीत माझं काम केलं तर मी चोर. ओळखीच्या एका शॉपला तसं पत्र आलंय. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून स्वतःच चुगली करतं, कुठल्या मशीनवर चाललंय ते.

व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आपल्या बेळगावच्या उशाला, मच्छेला. १९९८ पासून कर्नाटकातली बहुतेक इंजिनियरिंग कॉलेजं तिच्याखाली. लॅबमध्ये काय शिकवायचं हे तिथं ठरतं आणि बेळगावचीच लहान शॉपं त्याचं भाडं भरतात. कुणाला यात काहीच वावगं वाटत नाही काय?

खानापूरची

काका, तुमचं दुखणं खरं आहे, पण निदान चुकीचं करताय. माझे बाबा कौलाच्या कारखान्यात होते. लॅपटॉप जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. ज्या सॉफ्टवेअरला तुम्ही उधारीची गाय म्हणताय ते कॉलेजच्या मेलमुळं मला घरी मिळालं. रात्री जेवणं झाली की मी तेच करत बसायची. वर्गातल्या पैसेवाल्या पोरांनी काय, पुण्यात क्लास लावला असता. मी काय केलं असतं?

आज चाकणला आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न होता, कुठलं सॉफ्टवेअर येतं. दुसरा प्रश्न नव्हता, समोर मशीन ठेवलं आणि म्हणाले करून दाखव. "मला तत्त्व समजतं, बटणं शिकेन" असं म्हणणारे दोघं माझ्या आधी बाहेर आले होते. सहा माणसांच्या शॉपसाठी साठ पोरांना चाकण-बेंगळुरूच्या दारातून परत पाठवायचं का?

टर्मिनल

ताई, मोफत आणि मुक्त यातला घोळ होतोय. मुक्त म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता, वाटता येतो ते. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, 'फ्री', म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारा रिचर्ड स्टॉलमन १९८० च्या दशकापासून समजावत फिरतोय की मी किमतीबद्दल बोलत नाही. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत तरी आपण गोंधळतोच.

तुमचं कौशल्य तुमचं आहे, पण त्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे. २०२० साली चीनमधल्या हार्बिनच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मॅटलॅब, म्हणजे इंजिनियरिंगची गणितं करायचं सॉफ्टवेअर, बंद पडलं. पैसे थकले नव्हते. अमेरिकेनं त्या विद्यापीठाचं नाव निर्बंधांच्या यादीत घातलं आणि कंपनीनं परवाना काढून घेतला. मॅटलॅबवर प्रोजेक्ट करत होती त्या पोरांचं काय झालं असेल?

खानापूरची

ते चीन. आपल्याला कोण बंद करतंय?

टर्मिनल

जुलै २०२५, नायरा एनर्जी. गुजरातेत रिफायनरी असलेली आपलीच कंपनी. युरोपनं निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टनं मेलपासून सगळं थांबवलं. पैसे भरलेली गिऱ्हाइकं होती ती, दिल्ली हायकोर्टात गेली तेव्हा काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. आपल्या तालुक्याच्या कॉलेजाकडे कोर्टात जायला वकील तरी आहे का?

गोवावेस कट्टा

मी तर चारी वर्षं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, वापरलो. ना मेल बंद व्हायची भीती, ना अमेरिकेची. फक्त अँटीव्हायरस बंद ठेवायला लागतंय बघा 😄

उद्यमबागवाला

@गोवावेस कट्टा, हसू नको रे. कंपन्यांना तेही चालतं. तू क्रॅकवर शिकलास तरी बटणं त्यांचीच शिकलास की.

निवृत्त मराठी

मी इंजिनियर नाही, मराठी शिकवत होतो. पण हे दुःख मला नवीन नाही. १९९० च्या दशकात प्रबंध टाइप करून घेतला तो शहापुरातल्या एका डीटीपीवाल्याकडे. त्याच्या सीपीयूच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टला बोटभर लांबीचं एक डोंगल असायचं. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडायचं नाही. दुकान बंद झालं, डोंगल कुठं गेलं त्यालाही आठवत नाही. माझ्याकडे फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर आणलेल्या फाइल्स आहेत. उघडल्या की 'ेक', 'ð', असली अक्षरं. युनिकोडच्या आधीचे फाँट, प्रत्येक कंपनीचा अक्षरांचा क्रम वेगळा. कन्व्हर्टरनं निम्मं येतं, जोडाक्षरं मोडतात. कन्नडवाल्या मित्रांचं नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइल्सबद्दल हेच गाऱ्हाणं. ते तर फुकट मिळायचं.

सीमाभागात मराठीत काही लिहून ठेवणं म्हणजे काय असतं हे इथल्यांना सांगायला नको. तेवढंही कुलपात अडकलं. छापील प्रत आहे म्हणून वाचलो, तीही वाळवीनं एका कोपऱ्यात खाल्लीय.

लॅबमधला माणूस

वीस वर्षं लॅब सांभाळतोय, कुठल्या कॉलेजात ते विचारू नका. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगतो.

पूर्वी लायसन्स सर्व्हर होता. लॅबच्या कोपऱ्यात एक मशीन, त्यावर एकावेळी साठ जणांचे परवाने. इंटरनेट असो नसो, चालायचं. आता प्रत्येक पोराचं स्वतःचं लॉगिन. गेल्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेला पोरं बसली, सॉफ्टवेअर उघडलं, पडद्यावर आलं : पुन्हा साइन इन करा. साइन इन केलं, तर ओटीपी. ओटीपी मोबाइलवर. मोबाइल कुठं? नियमाप्रमाणं दाराबाहेर, पिशव्यांच्या ढिगात. बाहेरगावचे परीक्षक घड्याळ बघतायत. मी एकेका पोराला बाहेर नेऊन, त्याच्या खांद्यावरून मोबाइल बघत, सहा आकडे तळहातावर लिहून आत पाठवत होतो. तो आत जाऊन टाइप करेपर्यंत निम्म्यांची मुदत संपायची! पाऊण तास गेला. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की मोफत परवान्याला फोनवर मदत मिळत नाही, फोरमवर विचारा.

तरी खानापूरची म्हणते त्यात तथ्य आहे. फ्रीकॅड, म्हणजे मुक्त थ्री-डी कॅड, आम्ही एक सत्र चालवून बघितलं. मास्तरांनाच येत नव्हतं. मास्तर शिकायचे कधी? त्यांना तेवढ्यात नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली.

खानापूरची

तेच. आणि फ्रीकॅडचं नाव काढलंच आहे तर सांगते. २००२ ला सुरू झालं आणि १.० ला पोचलं २०२४ च्या नोव्हेंबरात. बावीस वर्षं! माझ्या वेळी त्यात मोठी असेंब्ली केली की वरचं एक छिद्र हलवलं तर खालच्या तीन गोष्टी तुटायच्या. तत्त्व छान आहे हो, पण सोमवारी सबमिशन असतं.

टर्मिनल

तो दोष १.० मध्ये बराचसा काढलाय, खरंच बघा एकदा. आणि मास्तरांना शिकवायचं म्हणाल तर आयआयटी मुंबईचा फॉसी हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प त्याचसाठी आहे. त्यांच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅब (मॅटलॅबसारखंच, पण मुक्त), लिबर ऑफिस, लिनक्स यांचे धडे मराठीतून आहेत, कन्नडमधूनही आहेत. मराठी माध्यमातून आलेलं अथणीचं पोर पहिल्या वर्षी इंग्रजी पडद्यापुढं बावचळतं, त्याला मराठीत बाण दाखवून सांगणारं दुसरं काय आहे? केरळनं सरकारी शाळांत लिनक्सच ठेवलं, त्यांची 'काइट' ही सरकारी संस्था स्वतःची आवृत्ती काढते. केंद्राचंही २०१५ चं धोरण आहे, सरकारी कामाला मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या म्हणून.

गोवावेस कट्टा

धोरण कागदावर. २०२५ ला शिक्षण मंत्रालयानंच साहेबलोकांना झोहो या भारतीय कंपनीचं ऑफिस सॉफ्टवेअर वापरा म्हटलं की. देशी आहे, चांगलंच आहे. खरं कुलूप देशी असलं म्हणून उघडं असतंय काय?

उद्यमबागवाला

हे मला सुचलं नव्हतं. बरोबर बोललास.

@खानापूरची, तुझं पहिलं उत्तर दोनदा वाचलं. बाबांचं वाचून गप्पच झालो. मी सॉफ्टवेअर काढून टाका म्हणत नाही. सत्रातनं चार प्रॅक्टिकल तरी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरवर होऊ देत, म्हणजे हाताला कळतं की रेघ ती रेघ, बटण ते बटण. त्या पोराला मी शेवटी कागद, व्हर्निअर आणि एक झिजलेलं बेअरिंग हाऊसिंग दिलं. तीन बाजूंनी काढ म्हटलं. काढलं त्यानं, वेळ लागला, खरं काढलं. त्याला येतंय. आमच्या जुन्या टू-डी कॅडपुढं बसवल्यावर मात्र लाइनची कमांड कुठं आहे तेच शोधत होता.

लॅबमधला माणूस

मेलचं राहिलं. कॉलेजं खाती बंद करतात त्यात दुष्टपणा नाही. गूगलनं शाळा-कॉलेजांना आधी अमर्याद साठा दिला होता. २०२१ मध्ये सांगितलं की इथून पुढं अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी आणि जुन्या संस्थांना ते २०२२ च्या जुलैपासून लागू झालं. दहा हजार खाती असली तर डोक्याला १० जीबी. घरच्या साध्या फुकट खात्याला १५ मिळतात! मग आम्ही काय करणार, सुटलेल्या पोरांची खाती झाडून काढतो. मायक्रोसॉफ्टनंही २०२४ मध्ये तसाच हात आखडता घेतला. सवय लागेपर्यंत वाढलं, मग ताट ओढलं.

आमच्याकडे मी एक नियम करून घेतलाय. सबमिशनला मूळ फाइलबरोबर स्टेप फाइल (वेगवेगळ्या थ्री-डी कॅडमध्ये उघडणारा सामायिक प्रकार) आणि पीडीएफ द्यायचीच. टू-डी असेल तर तसाच सामायिक प्रकार, डीएक्सएफ. ती कुठंही उघडते.

खानापूरची

स्टेपमध्ये नुसता आकार येतो हो, तो कसा बांधला ते येत नाही. कुठलं स्केच आधी, कुठला फिलेट (कडेची गोलाई) नंतर, सगळं पुसलं जातं. बदल करायचा तर पहिल्यापासून काढा.

लॅबमधला माणूस

येत नाही, मान्य. स्क्रीनशॉटपेक्षा बरं.

@उद्यमबागवाला, त्या पोराचं खातं कधी बंद झालं? गूगलचं असेल आणि डिलीट करून वीस दिवस झाले नसतील तर कॉलेजच्या ॲडमिनला ते परत उभं करता येतं. नुसतं सस्पेंड केलं असेल तर डेटा तसाच असतो. त्याला उद्याच कॉलेजात जाऊन नम्रपणे अर्ज द्यायला सांगा, आणि बरोबर रिकामी हार्ड डिस्क न्यायला सांगा. मेल करून भागणार नाही, माणूस समोर उभा राहिला तरच होतं.

उद्यमबागवाला

निकालाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला होता. म्हणजे आज चौदावा. लगेच फोन करतो त्याला.

निवृत्त मराठी

त्याला मिळालं तर इथं कळवा. आणि त्या डोंगलवाल्या फाँटमधून सगळी जोडाक्षरं धड आणणारं कुणी असेल तर मलाही कळवा, पैसे देईन.

खानापूरची

आत्ता बघितलं, माझं कॉलेजचं खातं अजून चालू आहे. कुणाच्या नजरेतून सुटलं असेल. ३८ जीबी निघाले त्यात. मत माझं तेच आहे, पण डाउनलोडला लावून झोपते.